फुलावरचे पाखरू, पानावरचे घर : छायाचित्रणाच्या निमित्ताने काही विचार

मराठी भाषेने या जिवाला नाव देताना मोठ्या ममतेने दोन शब्द जोडले आहेत. फुलावर बसणारे पाखरू की फुलासारखे दिसणारे पाखरू, हा विग्रह विद्यार्थ्याने दोन्ही रीतींनी करावा आणि शिक्षकाने दोहोंनाही गुण द्यावेत, इतका हा समास मनोहर आहे. परंतु नाम देताना उदार झालेली हीच भाषा विशेषण देताना मात्र कृपण झाली. ज्याचे मन कोठेच ठरत नाही, ज्याचा अभ्यास वरवरचा आणि स्नेह क्षणिक, अशा माणसाच्या वृत्तीला आपण 'फुलपाखरी' म्हणतो. या फुलाहून त्या फुलाकडे जाणारे पाखरू आपल्या मनात चंचलतेचे प्रतीक होऊन बसले आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या निबंधांतून व प्रवचनांतून ते तसेच चालत आले आहे.

हे विशेषण न्याय्य आहे काय, हा प्रश्न मला पुस्तकांनी विचारला नाही. तो कॅमेऱ्याने विचारला. उष्ण कटिबंधातील रंगीत फुले आणि त्यांच्यावर येणारी फुलपाखरे यांचे छायाचित्र घेण्यासाठी जो मनुष्य एखाद्या झुडपापुढे तासभर स्वस्थ बसतो, त्याला थोड्याच दिवसांत कळून चुकते की, हे पाखरू वेळेचे पक्के आहे, निवडीच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहे आणि एका गोष्टीत तर इतके एकनिष्ठ आहे की, ती निष्ठा सोडण्यापेक्षा ते तो परिसरच सोडून जाते. ती गोष्ट कोणती, हे पुढे यथावकाश सांगेन. मराठीच्या अध्यापकाने कॅमेऱ्याविषयी बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु कवितेचे बारकाईने वाचन आणि फुलाचे बारकाईने अवलोकन यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दोन्ही ठिकाणी घाई करणारा रिकाम्या हाताने परततो.

आपला परिसर

या विषयासाठी दूर कोठे सह्याद्रीच्या घाटात किंवा केरळच्या अरण्यात जावयास हवे, अशी समजूत आहे. ती खरी नाही. शाहपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१ अक्षांशाच्या पट्ट्यात वसले आहे. म्हणजे भूगोलाच्या परिभाषेत आपण उष्ण कटिबंधाचेच रहिवासी आहोत. उत्तरेस सातपुडा, जवळून वाहणारी तापी आणि इच्छापूर ओलांडले की लागणारा महाराष्ट्र, असा हा सीमेवरचा मुलूख आहे. इकडे बुऱ्हाणपूर आणि तिकडे रावेर, यावल, मुक्ताईनगर या साऱ्या पट्ट्यात केळीचे मळे एकमेकांना लागून आहेत. राज्याची सीमा माणसांना ठाऊक असते. मळ्यातून मळ्यात जाणाऱ्या पाखराला ती ठाऊक नसते.

या भागातील फुलपाखरांची नोंदही आजची नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आपला निमाड जिल्हा ज्या प्रांतात मोडत असे, त्याचे शासन नागपुराहून चाले. तेथील मध्यवर्ती संग्रहालयाच्या ग्रंथमालेत ई. ए. डी'अब्रू यांनी सिद्ध केलेली मध्य प्रांतातील फुलपाखरांची सूची १९३१ साली प्रसिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, जाती ओळखण्याच्या खुणांबरोबरच अळ्या कोणत्या वनस्पतींवर वाढतात याच्याही टिपा तीत दिल्या आहेत. त्या काळी अभ्यासकाच्या हाती जाळे आणि टाचणी असे. पाखरू पकडावे, मारावे, पंख पसरून टाचावे आणि खाली चिठ्ठी लावावी, ही त्या काळची मान्य रीत होती. आज त्या टाचणीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. टाचणी गेली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तिच्याबरोबर चिठ्ठीही गेली, ही मात्र चिंतेची गोष्ट आहे. त्या चिठ्ठीचे महत्त्व सांगणे हाच या लेखाचा खरा हेतू आहे.

फुलाचा रंग कोणासाठी?

छायाचित्रकार प्रथम भुलतो तो रंगाला. जास्वंदीचा लाल, झेंडूचा केशरी, सदाफुलीचा गुलाबी, बोगनवेलीचा जांभळा : आपल्या अंगणातील ही रंगसंगती कोणत्याही चित्रकाराला आव्हान देईल अशी आहे. परंतु हे रंग आपल्यासाठी नाहीत, हे ध्यानात घेतल्याशिवाय चांगले चित्र मिळत नाही. फुलाचा रंग ही एक जाहिरात आहे आणि तिचे गिऱ्हाईक ठरलेले असते. मधमाशीला लाल रंग दिसत नाही. उलट अनेक फुलपाखरांना तो दिसतो, आणि आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात. तेव्हा ज्या फुलाचे आपण चित्र घेत असतो, ते फूल पाखराच्या डोळ्यांना आपल्याहून निराळेच दिसत असते.

घाणेरीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. काही लोक तिला टणटणी म्हणतात. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेसाठी आली आणि तेथून देशभर पसरली. तिच्या एकाच गुच्छात पिवळी, केशरी, लाल अशी फुले एकत्र दिसतात. निरखून पाहिल्यास आढळेल की, मधली कोवळी फुले पिवळी असतात आणि कडेची जुनी फुले लाल झालेली असतात. मध असतो तो पिवळ्या फुलांत. दिल्ली विद्यापीठातील माथुर आणि मोहन राम या संशोधकांनी १९७८ साली या रंगबदलाचा कीटकांशी असलेला संबंध अभ्यासला होता. पुढे १९९० च्या दशकात मार्था वाइस या अमेरिकन विदुषीने अशा रंग बदलणाऱ्या फुलांचा विस्तृत अभ्यास केला आणि फुलपाखरे रंग व मध यांची सांगड अनुभवाने शिकतात, हेही दाखवून दिले.

मग जुनी फुले झाड गाळून का टाकत नाही? कारण लाल फुलांमुळे गुच्छ दुरून मोठा दिसतो आणि गिऱ्हाईक येते. जवळ आल्यावर मात्र ते पिवळ्याच फुलात सोंड घालते. दुकानाची पाटी मोठी आणि माल आतल्या कपाटात, असा हा व्यवहार आहे. छायाचित्रकाराला यातून एक व्यावहारिक सूचना मिळते. भिंग लाल कडेवर रोखून वाट पाहण्यात अर्थ नाही. ते मधल्या पिवळ्या ठिपक्यावर रोखावे. पाखरू तेथेच येणार आहे. ज्याला आपण चंचल म्हणतो, त्याच्या हालचालीचे भाकीत असे आधी करता येते!

बोगनवेलीची गोष्ट याहून गमतीची आहे. तिचे जे रंगीत दल आपण फूल समजतो, ते वस्तुतः पानाचेच रूप आहे. खरे फूल म्हणजे त्या तीन रंगीत दलांच्या पोटातील पांढुरकी, बारीक नळी. जो केवळ रंगावर भिंग रोखतो, तो त्या खऱ्या फुलाला मुकतो.

प्रकाश, वेळ आणि सबुरी

आता थोडे तंत्राविषयी. फुलपाखरू हा थंड रक्ताचा जीव आहे. सकाळचे ऊन अंगावर घेऊन छातीचे स्नायू तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. म्हणून सूर्योदयानंतरच्या पहिल्या काही तासांत ते पंख पसरून उन्हात बसलेले आढळते. त्या वेळी ऊन तिरपे आणि मऊ असते, वारा बेताचा असतो आणि पाखरू स्थिर असते. दुपारी बाराच्या उन्हात, विशेषतः आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात, फूलही कोमेजलेले असते आणि पाखरूही सावलीला गेलेले असते. आपल्या भागात या कामाला उत्तम काळ म्हणजे पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि त्यानंतरची शरद, साधारणतः भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत.

पाखराजवळ जाण्याचीही एक रीत आहे. त्याचे डोळे असंख्य लहान नेत्रकांचे बनलेले असल्यामुळे त्याला जवळपास चहूंकडचे दिसते. बारकावा कमी दिसतो, परंतु हालचाल आणि सावली तत्काळ जाणवते. म्हणून सरळ चालत जाऊ नये. अंग लवून, हळूहळू, आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने जावे. आपल्या सावलीने ते उडाले तरी त्याच्यामागे धावू नये. मधाची फुले जेथे आहेत तेथेच थांबावे. गिऱ्हाईक परत येते.

भिंग फुलाच्या फार जवळ नेले की चित्रातील स्पष्ट भागाची खोली अतिशय कमी होते, कधी कधी ती दोन-चार मिलिमीटरच उरते. पाखराचा डोळा स्पष्ट आला आणि पंखाचे टोक धूसर झाले, असे यामुळेच घडते. यावर उपाय दोन आहेत. कॅमेरा पंखाच्या पृष्ठाशी समांतर धरावा. म्हणजे सगळा पंख एकाच अंतरावर राहतो. आणि ॲपर्चर लहान ठेवावे. त्याचा आकडा ८ ते ११ असल्यास काम भागते. मिटलेल्या पंखांचे चित्र बाजूने घ्यावे आणि उघड्या पंखांचे वरून. मोबाइलने चित्र घेणाऱ्याने अगदी जवळ जाण्याऐवजी हातभर अंतर ठेवून किंचित झूम करावे. पाखरू दचकत नाही आणि फुलावर आपली सावलीही पडत नाही.

शटरची गती पाखराच्या जेवणाच्या रीतीवर ठरवावी. लिंबाच्या झाडाशी नाते असलेली मोठी पुच्छवाली फुलपाखरे मध पिताना पूर्ण विसावत नाहीत, पंख सतत फडफडवीत असतात. त्यांच्यासाठी सेकंदाचा पाचशेवा किंवा त्याहूनही कमी भाग लागतो. याउलट रुईवर वाढणारे तांबूस-केशरी 'प्लेन टायगर' शांतपणे, एखाद्या वतनदारासारखे जेवत बसते. त्याची अळी रुईच्या चिकातील विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. ज्याला भय नाही त्याला घाई नाही. हे जाणणाऱ्याला त्याच्या चित्रासाठी धावपळ करावी लागत नाही.

रंगाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. भर उन्हात लाल जास्वंदीचे चित्र घेतले तर पाकळीवरच्या शिरा नाहीशा होऊन लाल रंगाचा सपाट डाग उरतो. पांढऱ्या व फिक्या पिवळ्या पंखांचेही तसेच होते. अशा वेळी प्रकाश किंचित कमी घ्यावा किंवा ढगाची वाट पाहावी. निळ्या पंखांची तऱ्हा वेगळी. तो निळा रंग बहुधा रंगद्रव्याचा नसतो. पंखावरील सूक्ष्म खवल्यांच्या रचनेमुळे प्रकाश परावर्तित होऊन तो दिसतो. म्हणून कोन बदलला की निळाई वाढते वा कमी होते. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे सरकून तो कोन शोधावा लागतो.

पूर्वी ३६ चित्रांचा रोल असे. प्रत्येक चित्राला पैसे पडत आणि धुऊन येईपर्यंत काय आले हे कळत नसे. त्या काटकसरीमुळे कळ दाबण्यापूर्वी पाहण्याची सवय लागली. आज हजार चित्रे फुकट निघतात. साधन सुलभ झाले ही प्रगतीच होय. पण बघणे मात्र आजही पूर्वीइतकेच महाग आहे.

सोंग ओळखणे

चित्र उत्तम आले म्हणजे काम संपले, असे नाही. चित्रात कोण आहे हे कळावयास हवे आणि येथे निसर्गाने बहुरूप्यांचा मेळा भरविला आहे. वर सांगितलेल्या विषारी 'प्लेन टायगर'चे सोंग 'डॅनेड एगफ्लाय' नावाच्या फुलपाखराची मादी घेते. दुरून दोघे सारखेच दिसतात. परंतु मागच्या पंखाच्या मध्यभागी विषारी फुलपाखराला तीन किंवा चार काळे ठिपके असतात, तर सोंग घेणारीला एकच. डोळ्याला उडत्या पाखराचे ठिपके मोजता येत नाहीत, चित्रात येतात.

आपल्या परसातील कढीलिंबावर आणि लिंबावर वाढणारे 'कॉमन मॉर्मन' तर याहून चतुर आहे. त्याचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्याचा असतो. मादी मात्र कधी नरासारखी, कधी 'कॉमन रोझ' या विषारी फुलपाखरासारखी, तर कधी 'क्रिमसन रोझ'सारखी दिसते. एकाच आईच्या लेकी तीन वेषांत! हे कसे घडते याचा उलगडा कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात केला. 'डबलसेक्स' या एकाच जनुकाच्या निरनिराळ्या रूपांवर हा वेषपालट अवलंबून असतो, असे त्यांनी दाखविले. छायाचित्रकाराने मात्र एक साधी खूण लक्षात ठेवावी. खऱ्या 'रोझ'चे अंग लाल असते, सोंगाचे अंग काळे असते. म्हणून पंखांबरोबर धडही दिसेल असे एक तरी चित्र बाजूने घ्यावे.

ऋतूचेही सोंग आहे. मोरपिसासारखे डोळे पंखांवर मिरविणारे 'पीकॉक पॅन्सी' पावसाळ्यात पंख मिटले तरी डोळे दाखविते. उन्हाळ्यात जन्मलेल्या त्याच जातीच्या फुलपाखराचा मिटलेला पंख हुबेहूब वाळक्या पानासारखा असतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर नवख्याला ती दोन जाती वाटतील. चित्रावर दिनांक असेल तर हा भ्रम राहत नाही. चिठ्ठीचे पहिले प्रयोजन हे.

फूल अन्नछत्र, पान माहेर

आरंभी ज्या निष्ठेचा उल्लेख केला, तिच्याकडे आता वळतो. मधासाठी फुलपाखरू अनेक फुलांवर जाते हे खरे. फूल हे त्याचे अन्नछत्र आहे. तेथे कोणीही पंक्तीला बसावे. परंतु अंडी घालण्याची वेळ आली की मादी ठरलेल्या वनस्पतीच्या पानाखेरीज अन्यत्र सहसा अंडी घालीत नाही. पानावर उतरून ती पायांनी त्याची चव घेते, पटली नाही तर उडून दुसऱ्या पानावर जाते. तिची ही शोधाशोध दुरून पाहून आपण तिला चंचल म्हणतो. वस्तुतः ती आपल्या लेकरांसाठी घर शोधीत असते.

ही घरे कोठे आहेत पाहा. रुई, टाकळा, एरंड, घोळ, बेल, लिंबू, कढीलिंब. 'प्लेन टायगर' रुईवर, लहान पिवळी 'ग्रास यलो' टाकळ्यावर, 'कॉमन कॅस्टर' एरंडावर, आणि ती सोंगाडी 'एगफ्लाय' आपण भाजी करतो त्या घोळीवर. शाळाशाळांच्या आवारात जो उंच सरळ खोटा अशोक लावलेला असतो, त्याच्या पानांवर हिरव्या ठिपक्यांचे 'टेल्ड जे' वाढते. यांतील बहुतेक वनस्पतींना कोणी बागेत मानाने लावीत नाही. त्या उगवतात रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठी आणि शेताच्या बांधावर, ज्याला वऱ्हाडात धुरा म्हणतात. मधासाठी तरी परदेशी झाडे उपयोगी पडतात. घाणेरी, झेंडू, बोगनवेल आणि बांधावरचा क्षुद्र दगडीपालासुद्धा अमेरिका खंडातूनच आलेला आहे आणि फुलपाखरांनी तो आनंदाने स्वीकारला आहे. परंतु माहेर इतक्या सहजी बदलत नाही.

येथे आपल्या भागाची एक विशेष अडचण उभी राहते. केळी हे आपले मुख्य पीक. लागवडीच्या केळीला फळ धरण्यासाठी परागीभवन लागत नाही. बी नसलेले ते फळ परागाविनाच वाढते. त्यामुळे फुलपाखरे आणि मधमाश्या नाहीशा झाल्या तरी केळीच्या घडाचे वजन कमी होत नाही. आंबा, भोपळा किंवा सूर्यफूल पिकविणाऱ्याला कीटकांची उणीव पिकातून जाणवते; केळी पिकविणाऱ्याला ती जाणवण्याचे कारणच नाही. तणनाशकाने बांध स्वच्छ झाला की शेत नीटनेटके दिसते, आणि रुई-टाकळ्याबरोबर काय गेले याचा हिशेब कोणत्याही वहीत लागत नाही. यात शेतकऱ्याला दोष देण्याचा हेतू नाही. मजुरी, रोग आणि बाजारभाव यांच्या चरकात तो सापडलेला आहे. परंतु ज्या हानीची नोंद पीक करीत नाही, तिची नोंद दुसऱ्या कोणी तरी करावयास हवी. माझ्या मते ती कॅमेरा बाळगणाऱ्याने करावी.

म्हणून माझी विनंती अशी की, बागेतील रंगीत फुलावर पाखराचे चित्र घेऊन झाल्यावर छायाचित्रकाराने तेथेच थांबू नये. बांधावर जावे. खुळखुळ्याच्या झुडपावर जमलेली 'टायगर' कुळातील नरफुलपाखरे पाहावी. मधाऐवजी तेथील वाळक्या व चुरडलेल्या भागांतून ती काही विशिष्ट रसायने घेतात आणि त्यांपासून मादीला मोहविणारा गंध तयार करतात. तापीच्या काठच्या ओल्या मातीतून क्षार शोषणारे थवे पाहावे. पान उलटून अंडे, अळी, कोष यांचीही चित्रे घ्यावीत. ही चित्रे भिंतीवर लावण्याइतकी सुंदर नसतील. परंतु त्यांच्यावाचून फुलावरच्या चित्राचा अर्थ अपुरा राहतो.

नावाचे सामर्थ्य

भाषेच्या विद्यार्थ्याला येथे एक कर्तव्य आहे. आतापर्यंत मी अनेक फुलपाखरांची इंग्रजी नावे घेतली, कारण ती रूढ आहेत. परंतु ज्याला नाव नाही त्याचे जाणे कोणाला जाणवत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली 'ब्ल्यू मॉर्मन' या मोठ्या काळ्या-निळ्या फुलपाखराला राज्य-फुलपाखराचा मान दिला. 'राणी पाकोळी' हे त्याचे नाव त्या वेळी घरोघरी गेले. पुढे २०२० मध्ये महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने अडीचशेहून अधिक फुलपाखरांची मराठी नावे प्रसिद्ध केली आणि तीत हेच पाखरू 'नीलवंत' झाले. पाकळी आणि पाकोळी हे दोन शब्द आपल्या भाषेत किती जवळ राहतात पाहा! फूल आणि पाखरू यांचे शेजारपण भाषेला केव्हाच कळले होते.

अशी नावे शासनाने दिली तरी ती लोकांच्या तोंडी बसवावी लागतात. शाळा हे त्याचे उत्तम ठिकाण आहे. ठाण्याजवळील ओवळा येथे राजेंद्र ओवळेकर या शिक्षकाने घरच्या जमिनीवर मधाची फुले आणि अळ्यांच्या खाद्यवनस्पती लावून फुलपाखरांची मोकळी बाग उभी केली. तेथे जाळी नाही, पिंजरा नाही. पाखरे आपखुशीने येतात. एका शिक्षकाला जे साधले ते एका शाळेला अशक्य नसावे. खोटा अशोक बहुधा आवारात आहेच. त्याच्या जोडीला लिंबू, कढीलिंब आणि कुंपणाला दोन रुईची झाडे राहू दिली तरी आरंभ होईल.

चिठ्ठी

शेवटी मर्यादेविषयी. चांगल्या चित्राच्या मोहाने पाखरू पकडून शीतपेटीत ठेवायचे, ते गारठून निश्चल झाले की फुलावर मांडायचे आणि चित्र घ्यायचे, अशी एक अनिष्ट प्रथा जगात आहे. ते चित्र खोटे असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने काही फुलपाखरांना संरक्षणही दिलेले आहे. पण कायद्याच्याही आधी आपल्याकडे एक दंडक घालून दिलेला आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, ग्रंथ कसा सेवावा हे श्रोत्यांना सांगताना ज्ञानदेवांनी भ्रमर आणि कमळ यांचा दृष्टांत योजला आहे. घेणाऱ्याने असे घ्यावे की देणाऱ्याला त्याची जाणीवही होऊ नये. छायाचित्रकाराला याहून उत्तम नियम मला ठाऊक नाही.

प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी लिहाव्या : पाखरू कोणते, वनस्पती कोणती, ठिकाण कोणते आणि दिनांक काय. नाव ठाऊक नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. ठिकाण आणि दिनांक मात्र कधीही सोडू नये. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राशी निगडित अभ्यासकांनी चालविलेला 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' हा उपक्रम सर्वसामान्य लोकांनी काढलेली अशी चित्रे तपासून जतन करतो. २०२० पासून देशात सप्टेंबर महिना फुलपाखरांच्या नोंदींसाठी साजरा होतो. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी शाहपूरच्या शिवारात किती आहेत, याचे उत्तर दिल्ली वा मुंबईचा कोणी पंडित येऊन देणार नाही. ते या शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनीच द्यावयाचे आहे.

१९३१ च्या त्या सूचीला लवकरच शंभर वर्षे पूर्ण होतील. ती सूची आज उपयोगी पडते ती तिच्यातील पाखरे सुंदर होती म्हणून नव्हे, तर कोणी तरी प्रत्येकाखाली नीट लिहून ठेवले म्हणून. आणखी शंभर वर्षांनी कोणी या शिवारातील फुलपाखरांचा शोध घेऊ लागेल, तेव्हा त्याच्या हाती आपल्या भ्रमणध्वनीतील हजारो निनावी रंगीत चित्रे लागावीत, की दिनांक व ठिकाण घातलेली शंभर चित्रे, एवढाच प्रश्न आहे. येत्या भाद्रपदात पाऊस उघडला की सकाळी आठच्या सुमारास आपल्या बांधावरच्या एखाद्या रुईपाशी जाऊन उभे राहावे. उत्तराचा आरंभ तेथून होईल.